चारशे सतरा उतरलं का?

३ मार्च, मंगळवार. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. वही ऑफिसातली जुनी तक्रारवही आहे, अर्धी कोरी. पानांवर रकाने छापलेले आहेत: तक्रार, वेळ, निवारण. रकान्यांकडे दुर्लक्ष करून लिहायचं ठरवलं आहे.

ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही. म्हणून पहिल्याच पानावर स्वच्छ लिहून ठेवतो: बाबांच्या ऑपरेशनची मला भीती वाटत नाही.

काल डॉक्टरांनी सांगितलं. हृदयातली एक झडप कामातून गेली आहे, बदलायला हवी. वय ब्याऐंशी असलं तरी करता येतं. मी विचारलं, नाही केलं तर? म्हणाले, सहा महिने, फार तर आठ. मी विचारलं, आणि केलं तर? म्हणाले, शंभरातल्या पाच जणांच्या बाबतीत गुंतागुंत होते. गुंतागुंत म्हणजे नक्की काय ते बायकोने विचारलं. मी तेव्हा पाणी प्यायला बाहेर गेलो होतो. हवा कोरडी आहे सध्या.

तारीख मिळाली: ३१ मार्च.

पण बाबाच नाही म्हणाले. भूल घेणार नाही म्हणाले. डॉक्टरांना वाटलं, म्हाताऱ्या माणसाला सुईचं भय. बाबा म्हणाले, सुईला कोण भितंय, मला एक गोष्ट कळायची राहिली आहे, ती कळल्याशिवाय मी डोळे मिटणार नाही, तासाभरासाठीसुद्धा नाही. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या मागच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

४ मार्च, बुधवार

गोष्ट कळली. (बायकोला आधीच माहीत होती. बाबा तिला सगळं सांगतात. मला का सांगत नाहीत, असं विचारलं तर ती म्हणाली, तुम्हाला सांगितलं की मग तुम्हालाच धीर द्यावा लागतो. तिचा स्वभाव थट्टेखोर आहे.)

बाबा तरुणपणी हवाई दलात फिटर होते. तिथे अवजारांचा एक मोठा फळा असायचा. प्रत्येक पान्याचा, प्रत्येक पेचकसाचा आकार त्या फळ्यावर पांढऱ्या रंगात काढलेला. काम संपलं की प्रत्येक अवजाराने आपापल्या जागी जाऊन बसायचं. एक जरी आकार रिकामा दिसला, तरी ते विमान उडायचं नाही. कारण आत राहिलेला पेचकस हवेत सरकत सरकत कुठे जाऊन अडकेल, काय जाम करेल, सांगता येत नाही.

बाबा सव्वीस वर्षांचे. संध्याकाळी काम संपलं, आणि एक वीतभर पेचकस सापडेना. दोन तास शोधला. विमान सकाळी उडायचं होतं, साहेब घाईत होते, आणि आदल्याच महिन्यात बाबांनी एका चुकीबद्दल बोलणी खाल्ली होती. बाबा आपल्या खोलीवर गेले. स्वतःच्या पेटीतला तसाच पेचकस आणून त्यांनी फळ्यावर टांगला आणि रजिस्टरमध्ये सही ठोकली: सर्व अवजारे जागेवर.

सकाळी ते विमान उडालं. चारशे सतरा नंबरचं. आणि बाबांची त्याच दिवशी बदली होती. विमान वर होतं तेव्हा ते ट्रंक घेऊन स्टेशनवर उभे होते.

नंतर कोणाला विचारलं का नाही? बाबा म्हणाले, विचारलं असतं तर समोरच्याने विचारलं असतं, का विचारतोस. छप्पन्न वर्षं झाली. म्हणाले, त्या दिवशी उतरलंही असेल, पण दुसऱ्या दिवसाचं काय? पुढच्या वर्षाचं काय? पेचकस आतच होता ना. आत एक पोरगा बसलेला असायचा रे.

आईलाही सांगितलं नव्हतं.

मी लगेच मार्ग काढला. निवृत्त झालेली विमानं चौकात, शाळेत, बागेत चबुतऱ्यावर उभी करतात. आणि निवृत्त झालेलं विमान म्हणजे शेवटचं उड्डाणसुद्धा करून सुखरूप उतरलेलं विमान. चारशे सतरा कुठल्या तरी चौकात उभं असलं, की विषय मिटला. बाबांना म्हणालो, आठ दिवसांत शोधून देतो. बाबा म्हणाले, तू?

त्या ‘तू’मध्ये बहुधा कौतुक होतं.

५ मार्च, गुरुवार. सकाळी ६.३०

इंटरनेटवर खजिना सापडला. आपल्या भागात जेवढी म्हणून जुनी लढाऊ विमानं लोकांना बघायला ठेवली आहेत, त्या सगळ्यांची यादी. एका दातांच्या डॉक्टरांनी छंद म्हणून केली आहे. बाबांच्या प्रकारची एकूण तेरा. पण अर्ध्यांच्या नंबरांपुढे प्रश्नचिन्हं आहेत.

संकल्प: दर रविवारी चार विमानं. तीन रविवारांत बारा, तेरावं एखाद्या सुट्टीच्या दिवशी. २२ तारखेपर्यंत काम फत्ते. क्रमाने जायचं. एक म्हणजे एक, दोन म्हणजे दोन. पद्धत नसली की माणूस भरकटतो.

ऑफिसात फोन कमी होते. आमची लिफ्टची कंपनी, आणि मी तक्रार विभागात. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाशी आमचा मेकॅनिक पोचेपर्यंत बोलत राहायचं. घाबरू नका, दीर्घ श्वास घ्या, दार ओढू नका, माणूस निघालाय. बावीस वर्षं हेच करतो आहे. माझ्या आवाजात काहीतरी आहे असं लोक म्हणतात.

आमचं ऑफिस चौथ्या मजल्यावर. मी जिन्याने जातो. व्यायाम होतो. मेकॅनिक म्हणतो, साहेब म्हणजे हॉटेलवाला, घरून डबा आणणारा.

८ मार्च, रविवार

विमान क्रमांक एक. घरापासून चालत वीस मिनिटं, सहा रस्त्यांच्या चौकात मधोमध. रोज बसमधून दिसतं. पण तिथपर्यंत पोचायचं म्हणजे तीन लेन ओलांडायच्या. झेब्रा क्रॉसिंग नाही. पंचावन्न मिनिटं निरीक्षण केलं. गाड्यांचा एक ठरावीक ताल असतो, तो पकडायचा असतो. एक आजीबाई भाजीच्या दोन पिशव्या घेऊन पलीकडे गेल्या आणि पुन्हा अलीकडेही आल्या. त्यांना सवय असणार.

दुर्बीण नव्हती. शेजारच्या दुकानदाराने मोबाइलवर फोटो काढून मोठा करून दाखवला. शेपटीवर एकशे आठ.

घरी येऊन सांगितलं. विमान क्रमांक एक बाद! बाबा खोकले. मग म्हणाले, शेपटीवरचा नंबर खरा नसतो बरं का. चबुतऱ्यावर चढवताना नवा रंग मारतात, रंगारी त्याच्या मनाला येईल तो नंबर घालतो. खरा नंबर पितळी पट्टीवर. पुढच्या चाकाच्या खोबणीत, डाव्या हाताला, बोटाएवढी पट्टी असते. ती वाचायची.

हे आधी सांगायला काय हरकत होती? विमान क्रमांक एक पुन्हा यादीत.

संध्याकाळी खाली फिरून आल्यावर बाबांना दोन जिने चढून यायचे होते. मधल्या वळणावर बसले. सात मिनिटं. मी घड्याळ बघत होतो, एवढंच.

१० मार्च, मंगळवार

मेकॅनिककडे शिडी मागितली. म्हणाला, कोण चढणार? मी म्हणालो, मी. तो इतका वेळ हसला, की लाइनवर एक बाई अडकल्या होत्या, त्यांनी विचारलं, तिकडे काय चाललंय?

शिडी अॅल्युमिनियमची, बारा पायऱ्यांची. घरच्या पॅसेजमध्ये सराव केला. पहिल्याच दिवशी तिसरी पायरी. एखाद्याने दुसऱ्या पायरीवरच समाधान मानलं असतं.

१२ मार्च, गुरुवार. दुपारी १

यादीवाल्या दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. फक्त विचारायला. वेटिंग रूमच्या भिंतीवर कवळ्यांची चित्रं नाहीत, सगळी विमानं. मला वाटलं, वा.

आत बसायला एकच खुर्ची होती, ती. बसलो तर ती मागे गेली. म्हणाले, आ करा, बोलत बोलत बघतो. मी म्हणालो, मी विमानासाठी आलो आहे. ते म्हणाले, येतात सगळे कशा ना कशासाठी, आ करा. मग चाळीस मिनिटं ते बोलत होते आणि मी आ करत होतो. कुठलं विमान कुठून आणलं, कुठल्याचे पंख उलटे बसवले आहेत, कुठल्या शाळेने विमानाला गुलाबी रंग दिला. माझ्या तीन दाढा पोकळ आहेत म्हणे. एक त्यांनी भरलीच.

शेवटी तोंड मोकळं झालं तेव्हा मी चारशे सतरा म्हणालो. जीभ बधिर होती, त्यामुळे तीनदा म्हणावं लागलं. त्यांनी ड्रिल खाली ठेवलं. म्हणाले, यादीतलं नऊ नंबरचं बघा. कालव्याजवळच्या बागेत आहे. उंच चबुतराबिबुतरा काही नाही, स्वतःच्या चाकांवर जमिनीवर उभं आहे. शेपटीचा रंग उडाला आहे, आणि खालच्या जुन्या रंगात चार दिसतो, सात दिसतो, मधला आकडा पुसलेला आहे. पट्टी वाचायची राहून गेली. ते म्हणाले, माझं पोट आता खाली वाकू देत नाही. तुम्ही जा, हात घातला की पट्टी. गेट उघडंच असतं.

फार आनंद झाला. जिन्यात बसून घ्यावं लागलं. भुलीच्या इंजेक्शनचा परिणाम.

विचार केला. घाई करण्यात अर्थ नाही. क्रमाने जायचं ठरलं आहे. आज नऊ नंबर बघितलं तर दोन ते आठचं काय? यादी अर्धवट राहील. क्रम म्हणजे क्रम.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. उगाच आशा कशाला लावा.

१५ मार्च, रविवार

विमान क्रमांक दोन. शाळेचं मैदान. शिपाईमामा म्हणाले, रविवारी बंद. मी म्हणालो, वडिलांचं काम आहे. ते लगेच म्हणाले, या. इतक्या लगेच आत घेतील अशी कल्पना नव्हती. शिडी लावली. पाचव्या पायरीवर पोचलो, हे इथे नोंदवून ठेवतो. तिथे कळलं, की इंजिनाच्या तोंडात मधमाश्यांचं पोळं आहे. शिपाईमामांना हे माहीत होतं. म्हणाले, त्या काही करत नाहीत, आपण घाबरलो तरच करतात.

सात ठिकाणी चावल्या.

क्रमांक तीन आणि चार चेहऱ्याच्या सुजेमुळे पुढे ढकलले.

संध्याकाळी बायकोने चुना लावला. विचारत होती, दातांच्या डॉक्टरांनी काहीच सांगितलं नाही का? मी म्हणालो, सांगितलं ना, आणखी दोन दाढा पोकळ आहेत. ती माझ्याकडे बघत राहिली. एक डोळा सुजून बंद झालेला असला, की माणसाला समोरच्याची नजर चुकवायला अर्धेच कष्ट पडतात.

१८ मार्च, बुधवार. दुपारी ३.४०

ऑफिसातून लवकर आलो. बायकोचा फोन होता.

बाबांना जेवल्यावर धाप लागली. पलंगाच्या कडेला बसून दोन्ही हात गुडघ्यांवर, तोंड उघडं. ओठ निळसर. बायको पाठ चोळत होती. मला म्हणाली, बोला त्यांच्याशी. मी म्हणालो, घाबरू नका, दीर्घ श्वास घ्या, दार ओढू नका.

कोणी हसलं नाही.

बावीस मिनिटांनी उतार पडला. बाबा झोपले. मी खुर्ची ओढून जवळ बसलो आहे. पांघरुणाची एक घडी आहे, ती वर जाते, खाली येते. मध्ये एकदा खाली गेली ती वर यायला वेळ लागला. मी पाय हलवून पाहिला त्यांचा. जागे झाले. म्हणाले, काय रे? मी म्हणालो, डास होता.

पुन्हा झोपले. आता डास म्हणता येणार नाही.

१९ मार्च, गुरुवार

डॉक्टरांना फोन केला. तारीख पुढे ढकलता येईल का, एवढंच विचारलं. कारण माझी यादी अजून बाकी आहे. ते म्हणाले, कसली यादी? मग म्हणाले, एकतीसच्या पुढे नको.

आतापर्यंत पाहिलेली विमानं: दोन. त्यांपैकी वाचलेल्या पट्ट्या: शून्य. पण अनुभव खूप मिळाला. संकल्प: यापुढे दिवसाला सहा.

२२ मार्च, रविवार

काल बायकोला कळलं. दाढ भरायला ती त्याच डॉक्टरांकडे गेली होती. (तिची कुठलीच दाढ पोकळ नाही.) घरी आली आणि म्हणाली, उद्या सकाळी नऊ नंबर. मी क्रमाचं समजावून सांगितलं. ती म्हणाली, गाडी काढते, सात वाजता खाली या.

बायको ड्रायव्हिंग शिकवते. चौदा वर्षांत तिच्या हाताखालून शहरातली निम्मी माणसं गेली आहेत. मी नाही शिकलो. घरात एकाला येत असलं की पुरे. तिची गाडी शिकवणीची, त्यामुळे शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक आहे, शिकवणाऱ्यासाठी.

कालव्याचा रस्ता सरळ आहे. दोन्ही बाजूंना झाडं, रहदारी नाही. वळणावरून ते दिसलं. राखाडी, बुटकं, नाक थोडं वर केलेलं. खरंच चाकांवर उभं. गेट सताड उघडं. एक माळी पाइपने पाणी मारत होता. पुढचं चाक मला गाडीतूनसुद्धा स्पष्ट दिसलं.

गाडी करकचून थांबली. गेटपासून दोनशे पावलांवर.

बायको म्हणाली, काय झालं? मी म्हणालो, बहुतेक बंद पडली. ती म्हणाली, बंद पडलेली नाही, तुमचा पाय बघा. बघितला. ब्रेकवर होता. माझा असला तरी मी ठेवलेला नव्हता.

ती म्हणाली, काढा पाय. मी काढत होतो. तो निघत नव्हता. मागून एक सायकलवाला आला, घंटी वाजवून वळसा घालून गेला. ती म्हणाली, अहो, ते फक्त एक जुनं विमान आहे. मी म्हणालो, डोकं दुखतं आहे. ऊन फार होतं. (सकाळचे पावणेआठ.)

तिने गाडी वळवली. मी म्हणालो, हवं तर तू जाऊन वाच पट्टी. खरं तर ती जाईल की काय असं वाटून माझे हात गार पडले होते. ऊन असूनही. ती म्हणाली, मी कशाला वाचू, माझ्या पायाला काही झालेलं नाही.

पुढच्या वेळी मागच्या सीटवर बसायचं आहे, असा हुकूम आहे.

२३ मार्च, सोमवार

बाबांनी विचारलं, काल कुठे गेला होतात सकाळी? मी म्हणालो, हवा खायला. ते म्हणाले, चेहऱ्यावरून वाटलं हवेने तुम्हाला खाल्लं.

मी त्यांची नखं कापत होतो, हात धरला होता. त्यांचा हात आता इतका हलका झाला आहे, की धरून ठेवला नाही तर उडेल. म्हणाले, मला एक सांग, तुला ते विमान सापडायला हवंय ना?

मी म्हणालो, बाबा, काहीतरीच काय. रात्रंदिवस एक करतोय. पोळं, दाढ, शिडी. ते म्हणाले, हो, हो. करतोयस खरा.

करंगळीचं नख कापताना माझ्याकडून थोडं जास्त कापलं गेलं. त्यांनी हात मागे घेतला नाही.

२५ मार्च, बुधवार. सकाळी ८

मोठी बातमी. प्रश्न सुटला.

बाबा चहा घेता घेता एकदम म्हणाले, अरे, मला आठवलं. बरोबरचा एक फिटर होता, लंगडत चालायचा. त्याचं मला पत्र आलं होतं, तुझ्या जन्माच्या आसपास. त्यात लिहिलं होतं, की चारशे सतरा मोडीत काढलं, भंगारवाला घेऊन गेला. भंगारात गेलं म्हणजे उतरलंच असणार, नाही का? कसं विसरलो बघ. वय झालं.

आणि बशी खाली ठेवून म्हणाले, कळव त्या डॉक्टरला. एकतीसला येतो म्हणावं.

बायको ओट्यापाशी पाठ करून उभी होती. वळली नाही. नळ सुरू होता, नुसताच.

मी म्हणालो, पण बाबा, नीट आठवा, नंबर चारशे सतराच होता का? दुसरा असेल. अशी घाई नको. मला अजून अकरा विमानं बघायची आहेत. पत्र कुठे आहे? ते म्हणाले, इतक्या वर्षांनी पत्र कुठे असणार. मी म्हणालो, माळ्यावर बघतो. ते म्हणाले, तू माळ्यावर चढणार? आणि हसले. हसताना धाप लागली.

आनंदाची बातमी आहे. घाम आला आहे तो पंखा बंद असल्यामुळे. आता उठून लावतो.

पंखा सुरूच होता.

३० मार्च, सोमवार. सकाळी ११

बाबांना दाखल केलं. खोली तिसऱ्या मजल्यावर, दोन खाटांची, दुसरी रिकामी. खिडकीतून पार्किंग दिसतं. आम्ही वर आलो ते लिफ्टने, कारण व्हीलचेअर जिन्याने नेता येत नाही. दार बंद झाल्यावर बाबांनी माझा हात धरला आणि म्हणाले, दार ओढू नका. व्हीलचेअर ढकलणारा माणूस आम्हा दोघांकडे बघत राहिला. तिसरा मजला आला, कळलं नाही.

संमतीच्या फॉर्मवर सही बायकोने केली. माझं पेन चालत नव्हतं. (हे त्याच पेनने लिहितो आहे. आता चालतंय.)

नर्सबाई बाबांना म्हणाल्या, काही खाल्लं नाही ना आजोबा, काही लपवाछपवी नको हं. बाबा म्हणाले, माझ्याकडे आता लपवण्यासारखं काही राहिलेलं नाही, या मुलाला विचारा. मला विचारलं नाही.

३१ मार्च, मंगळवार

सकाळी ७.५०. नेलं. चष्मा, घड्याळ आणि कवळी माझ्याकडे दिली. कवळी नसल्याने काय म्हणाले ते नीट कळलं नाही. मी हो म्हणालो.

८.३०. सुरू झालं असेल. दीड तास लागतो. मी अगदी शांत आहे. बाकावर आमच्याशिवाय एक बाई आहेत, त्या विणत आहेत. टाके मोजतो आहे.

९.१५. बायको म्हणाली, चहा घेऊ या. नको म्हणालो. इथून उठलो तर काहीतरी होईल असं नाही, पण बाक सोडला की दुसरं कोणी बसतं.

१०.०५. दीड तास झाला.

१०.२०. दीड तास म्हणजे अदमासे असतो.

१०.४०. विणणाऱ्या बाईंना बोलावलं. त्या गेल्या. विणकाम बाकावर राहिलं. एका सुईवरून टाके निसटायला लागलेत. हात लावावा का?

१०.५५. बायको चौकशीला गेली. मी म्हणालो, मीही येतो. पाय उठले नाहीत. इथे तर कुठे ब्रेकही नाही.

११.०२. दार उघडलं. ती येते आहे. तिच्या चपलेचा आवाज ओळखू येतो. मी मान वर करणार नाही. आधी हे लिहून पुरं करतो. मी लिहीत असेपर्यंत तिने काही सांगितलेलं नाही, आणि सांगितलेलं नाही तोपर्यंत सगळं जागच्या जागी आहे. चष्मा डाव्या खिशात. घड्याळ उजव्या. कवळी डबीत, डबी रुमालात. भिंत पोपटी आहे. खुर्च्या सोळा. एकीचा पाय वाकडा. बाबांचं वजन एकोणपन्नास किलो. ती समोर उभी आहे. तिच्या पायाच्या अंगठ्यावर पाण्याचा थेंब पडला. आणखी एक. मी लिहितो आहे. मला फार भी

४ एप्रिल, शनिवार. सकाळी ९.३०

बायकोने तेव्हा मला चारदा सांगितलं म्हणे, सगळं ठीक झालं, वर बघा. पाचव्यांदा तिने वही काढून घेतली. ती आनंदाने रडत होती. तसं आधी सांगावं माणसाने. मग मी उठायला गेलो आणि एकदम आडवा झालो. उपाशी होतो. कपाळाला दोन टाके. बाबांना शुद्ध आली तेव्हा मी त्यांच्याच खोलीतल्या रिकाम्या खाटेवर होतो, आणि नर्सबाई माझं बीपी मोजत होत्या. बाबांनी मान वळवून बघितलं आणि विचारलं, याचं कसलं ऑपरेशन झालं?

ओठ गुलाबी आहेत. काल दाराशी जाऊन परत आले. धाप नाही.

आज सकाळी दाढी करून देत होतो, तेव्हा हळूच म्हणाले, ते पत्र वगैरे काही आलं नव्हतं बरं का. लंगडणारा कोणी फिटरही नव्हता.

ब्लेड थांबवलं. मी म्हणालो, मग भूल कशी घेतलीत? म्हणाले, घेतली. तुझ्याकडे बघवत नव्हतं. मी विचारलं, भीती नाही वाटली? म्हणाले, वाटली की. आत नेताना तुला तेच सांगत होतो, तू हो म्हणालास.

मी म्हणालो, म्हणजे चारशे सतराचं काय झालं, ते अजून तुम्हाला कळलेलंच नाही. ते म्हणाले, नाही ना. आणि दुसरा गाल पुढे केला.

उद्या रविवार आहे. सकाळी सहाला कालव्यावर जातो. क्रमाचा हट्ट सोडून दिला आहे, पद्धतीत थोडी लवचिकता हवी. हवामान चांगलं आहे, तब्येतही ठीक आहे, कोणतीच अडचण नाही.

आता ते चारशे सतरा निघालं तरी चालेल.